मुलांमधला ऑटोइम्यून यकृतविकार: सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन आणि एमआरसीपी नीट कशी करून घ्यायची

मुलाचे डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराच ठरतो. हिपॅटायटिस ए काही आठवड्यांत आपला आपण बरा होतो. पण कावीळ दोन महिने रेंगाळली, ओसरून परत आली, किंवा एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) शेकड्यांत अडकून राहिला आणि ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तर कावीळ उतरवून घेण्यात आणि झाडपाल्यात आणखी दिवस घालवू नका. अशा मुलांपैकी काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याच यकृतावर उलटलेली असते. हा आजार वेळेवर ओळखला तर औषधांना चांगली दाद देतो. उशीर झाला तर यकृतात कायमचे व्रण पडतात.

मी रेडिओलॉजी विभागात काम करते. या मुलांचे आईवडील आमच्याकडे येतात तेव्हा हातात चिठ्ठी असते, पोटात गोळा असतो, आणि कोणती तपासणी कशासाठी लिहिली आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी, आणि त्यांना पुढे पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी, हा लेख आहे. निदान आणि औषध तुमचे बालयकृततज्ज्ञच ठरवतील. तपासणी वाया जाऊ नये आणि रिपोर्टमधल्या आकड्याचा चुकीचा अर्थ काढला जाऊ नये, एवढं मात्र घरच्यांच्या हातात असतं.

आधी आजार समजून घ्या

मुलांमध्ये दोन रूपं प्रामुख्याने दिसतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये हल्ला यकृताच्या पेशींवर होतो. एएनए किंवा एसएमए ही प्रतिपिंडं असली तर त्याला टाइप 1 म्हणतात. एलकेएम असलं तर टाइप 2, आणि तो सहसा लहान वयात आणि जास्त जोरात येतो. दोन्हींत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. दुसरं रूप स्क्लेरोझिंग कोलँजायटिसचं. त्यात पित्तनलिकांना सूज येते, त्या जागोजागी आवळतात आणि पित्त तुंबतं.

मोठ्या माणसांत हे दोन आजार बऱ्यापैकी वेगळे राहतात, मुलांत ते एकमेकांत मिसळतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये 1984 पासून 16 वर्षं ऑटोइम्यून यकृतविकाराच्या प्रत्येक नव्या मुलाच्या पित्तनलिकांचं चित्रण केलं गेलं. ते निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. 55 मुलांपैकी 27 जणांच्या नलिका पहिल्याच तपासणीत खराब निघाल्या. रक्ताच्या रिपोर्टवरून यातली बरीच मुलं साध्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसचीच वाटली असती. नलिका खराब असलेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या बायोप्सीतसुद्धा, म्हणजे सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्यात, नलिकांच्या आजाराची खूण नव्हती. म्हणजे सुईने जे दिसलं नाही ते चित्राने दाखवलं. युरोपच्या बालपचनविकार संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात अशा प्रत्येक मुलाच्या पित्तनलिकांचं चित्रण सुरुवातीलाच करावं असं म्हटलं, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

म्हणून बायोप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिस आला आणि औषधं सुरू झाली, पण एमआरसीपीचा, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयचा, विषयच निघाला नाही, तर तुम्ही तो काढा. विचारण्यात संकोच बाळगू नका.

पायरी 1: तपासणीआधी प्रश्न लिहून काढा

प्रत्येक तपासणी ठरावीक प्रश्नाचंच उत्तर देते. यकृताचा पृष्ठभाग कसा आहे, प्लीहा वाढली आहे का, पोटात पाणी आहे का, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का, हे डॉपलरसह (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी सांगते. पित्तनलिकांसाठी एमआरसीपी. यकृत किती कडक झालंय यासाठी फायब्रोस्कॅन किंवा एमआर इलॅस्टोग्राफी. आणि हा आजार नक्की ऑटोइम्यूनच आहे का, पेशींच्या पातळीवर सूज किती आहे, या प्रश्नाचं उत्तर यांपैकी एकाही यंत्राकडे नाही. त्यासाठी रक्त आणि बायोप्सी लागते.

हे स्पष्ट लिहिण्याचं कारण असं की "फायब्रोस्कॅन केलाय, आता बायोप्सी नको ना?" हे मला वरचेवर ऐकायला मिळतं. मुलाला सुई टोचायची म्हटल्यावर आईच्या जिवाचं पाणी होतं, हे मी जाणते. पण पहिल्या निदानाच्या वेळी बायोप्सी टाळून चालत नाही. पुढची अनेक वर्षं ती पुन्हा पुन्हा करावी लागू नये, यासाठी या तपासण्या खऱ्या उपयोगी पडतात. बायोप्सीच्या नमुन्यात यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग येतो, आणि ती दर सहा महिन्यांनी करता येत नाही. चित्रण पूर्ण यकृताचं होतं आणि कितीही वेळा करता येतं.

ऑटोइम्यूनसारखा दिसणारा विल्सनचा आजार, ज्यात यकृतात तांबं साठतं, तोही या वयात आधी वगळावा लागतो. त्यात एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि सोनोग्राफी अगदी सारखी दिसू शकते. सिरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), 24 तासांच्या लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळांची तपासणी झाली आहे का, हे फाइलमध्ये पाहून घ्या. औषधं पूर्ण वेगळी असल्यामुळे इथे गल्लत परवडत नाही.

पायरी 2: त्याच आठवड्याचं रक्त फाइलमध्ये ठेवा

एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी), प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप). इंजेक्शन देऊन एमआरआय होणार असेल तर क्रिएटिनिनही. अल्कलाइन फॉस्फटेजवर मुलांमध्ये फारसं विसंबू नका. वाढत्या हाडांमुळे तो एरवीही जास्त असतो. पित्तनलिकांचा अंदाज जीजीटीवरून जास्त चांगला येतो.

रक्त त्याच आठवड्याचं का, हे फायब्रोस्कॅनच्या पायरीवर कळेल. तोवर एवढं धरून चला: एसजीपीटीशिवाय कडकपणाचा आकडा वाचू नये.

पायरी 3: सोनोग्राफी, पण डॉपलरसकट

मूल 4 ते 6 तास उपाशी हवं, लहान बाळ असेल तर एक दूध चुकवलं तरी पुरतं. उपाशी असताना पित्ताशय भरलेलं राहतं आणि आतड्यात वायू कमी असतो. चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' असेल तर 'यकृताच्या डॉपलरसह' असं लिहून घ्या, कारण रंगीत डॉपलर मागितल्याशिवाय अनेकदा होत नाही.

आपल्याकडे डॉपलरचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. भारतातल्या मुलांमध्ये प्लीहा वाढण्याचं आणि रक्ताच्या उलट्या होण्याचं एक मोठं कारण म्हणजे यकृताकडे येणारी पोर्टल शीर बंद पडणं. त्यात यकृत स्वतः बऱ्यापैकी चांगलं असतं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा तुंबल्या तर बड-कियारी हा आजार होतो, आणि त्यावर वेगळे उपाय असतात. दोन्ही डॉपलरवर दिसतात. प्लीहा मोठी आणि एएनए थोडंसं पॉझिटिव्ह, एवढ्यावर मुलाला स्टिरॉइड सुरू होणं आणि शीर तपासायची राहून जाणं, असं घडता कामा नये.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा. यकृताचा पोत 'कोर्स' म्हणजे खडबडीत आणि कडा गाठाळ लिहिली आहे का. पोर्टल शिरेतला प्रवाह यकृताकडे जातोय की उलटा फिरलाय. पोटात पाणी आहे का. आणि प्लीहेची लांबी. ती नेहमी वयाशी ताडून पाहायची असते: 6 वर्षांच्या मुलात साधारण साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत आणि 12 वर्षांच्या मुलात साडेअकरापर्यंत ठीक. मोठ्यांच्या मापाने 11 सेंटिमीटरची प्लीहा 'नॉर्मल' ठरते, पाच वर्षांच्या मुलीत ती नॉर्मल नसते. रिपोर्टवर फक्त 'नॉर्मल' असेल तर सेंटिमीटर लिहून मागा.

सुरुवातीच्या आजारात सोनोग्राफी पूर्ण नॉर्मल येऊ शकते. तेवढ्यावर 'काही नाही' असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

पायरी 4: फायब्रोस्कॅन, आणि त्या आकड्याचं काय करायचं

फ्रान्सच्या इकोसेन्स कंपनीचं हे यंत्र. मूल पाठीवर झोपतं, उजवा हात डोक्यामागे घेतं, आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून यंत्र एक हलका ठोका देतं. त्या ठोक्याची लहर यकृतातून जितकी वेगाने जाईल तितकं यकृत कडक. टिचकी मारल्याइतकंच जाणवतं, दुखत नाही. पाच-दहा मिनिटांत काम होतं. आधी किमान तीन तास काही खायला-प्यायला देऊ नका. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा खोटाच वर जातो. "फक्त एक बिस्कीट खाल्लंय" असं असलं तरी आम्हाला सांगा, आम्ही थांबू.

पहिला प्रश्न प्रोबचा. मुलांसाठी एस प्रोब असतो: छातीचा घेर 45 सेंटिमीटरच्या आत असेल तर एस1, 45 ते 75 असेल तर एस2, त्यापुढे मोठ्यांचा एम. पुष्कळ केंद्रांत फक्त एम असतो. सहा वर्षांच्या किरकोळ मुलाला एम लावला तर बरगडी मध्ये येते आणि आकडा भरवशाचा राहत नाही. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: "मुलांचा एस प्रोब आहे का?"

आता रिपोर्ट. त्यात किलोपास्कलमधला एक मोठा आकडा असतो. तो किमान दहा मापांचा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारं माप. शेजारी आयक्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे ती मापं एकमेकांपासून किती पांगली. आयक्यूआर भागिले मध्यक 30 टक्क्यांच्या आत हवं. उदाहरण घ्या: मध्यक 9.2, आयक्यूआर 1.8. भागाकार सुमारे 20 टक्के, तपासणी चांगली झाली. तेच 9.2, पण आयक्यूआर 4.1 असेल तर भागाकार 45 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा बाजूला ठेवा आणि तपासणी पुन्हा करून मागा. मूल रडत होतं, हलत होतं, तर असं होतंच.

निरोगी मुलांमध्ये हा आकडा साधारण 4 ते 5 च्या आसपास असतो आणि वयानुसार किंचित वाढतो. यापुढे मात्र सावध व्हायला हवं. यंत्र व्रण मोजत नाही, कडकपणा मोजतं. यकृताला सूज असली तरी ते कडक होतं, पित्त तुंबलं तरी होतं, हृदयाच्या आजारात रक्त साठलं तरी होतं. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये निदानाच्या वेळी एसजीपीटी आठशे असताना फायब्रोस्कॅन 20 आला, तर त्यातला सुजेचा भाग किती आणि व्रणाचा किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. इंटरनेटवरच्या तक्त्यात 20 म्हणजे सिरॉसिस (व्रणांनी यकृत पार कडक होणं) असं वाचून आईवडील रात्ररात्र जागतात. तो तक्ता मोठ्या माणसांचा, आणि तोही बहुतांशी हिपॅटायटिस सी किंवा फॅटी लिव्हरचा असतो.

उलटही होतं. समजा निदानाला 20, स्टिरॉइड सुरू होऊन सहा महिन्यांनी 9, वर्षाने 6.5. घरात पेढे वाटले जातात. ही घट चांगलीच आहे, पण पहिल्या सहा महिन्यांतली घट बहुतेक सुजेची. सूज शांत होऊन साधारण सहा महिने झाल्यावर जो आकडा मिळतो, तो व्रणांबद्दल खरं बोलू लागतो. मी तर म्हणेन की या आजारात खरी पायाभूत नोंद निदानाच्या दिवसाची धरू नये, एसजीपीटी आणि आयजीजी नॉर्मलला आल्यानंतरची धरावी. पहिला आकडा जपून ठेवा, त्यावरून काळजी किंवा आनंद ठरवू नका.

मग उपयोग कशाचा? मालिकेचा. तेच यंत्र, तोच प्रोब, तेवढाच उपास, शक्यतो तपासणारी व्यक्तीही तीच, आणि सोबत त्या आठवड्याचा एसजीपीटी. अशा तीन-चार नोंदी एकाखाली एक आल्या की कल दिसतो. एसजीपीटी नॉर्मल असताना आकडा वर्षभर चढत राहिला, तर तो गंभीरपणे घ्यायचा. जीजीटी वाढलाय का ते पाहायचं आणि पित्तनलिकांकडे पुन्हा वळायचं. एकच आकडा, एसजीपीटीशिवाय, वेगळ्या यंत्रावरचा, कितीही ठळक छापला असला तरी मुलाच्या औषधाचा निर्णय त्यावर होऊ नये.

पोटात पाणी असेल तर साधा फायब्रोस्कॅन करू नका, लहर पाण्यातून पुढे जात नाही.

एककांचाही गोंधळ होतो. काही सोनोग्राफी यंत्रांतही इलॅस्टोग्राफी असते आणि ती उत्तर मीटर प्रति सेकंदात देते. त्यातले 1.3 म्हणजे साधारण 5 किलोपास्कल, 2 म्हणजे साधारण 12. एमआर इलॅस्टोग्राफीसुद्धा किलोपास्कलच वापरते, पण तिचं किलोपास्कल वेगळ्या गणिताचं असतं आणि तेच यकृत तिथे ढोबळमानाने एक तृतीयांश आकडा दाखवतं. फायब्रोस्कॅनवर 6 आणि एमआरवर 4 आलं म्हणजे सुधारणा झाली असं समजू नका. एमआरवरचा 4 हा मुलासाठी निश्चितच वाढलेला आकडा आहे, तिथे निरोगी मुलांची सरासरी 2 च्या आसपास असते.

पायरी 5: एमआरसीपीचा दिवस

सगळ्यात जास्त तयारी लागते ती इथे, आणि तपासणी सगळ्यात जास्त वेळा फसते तीही इथेच. एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार. त्यात स्थिर द्रव पांढरा उजळतो, त्यामुळे पित्तनलिका इंजेक्शनशिवाय दिसतात. क्ष-किरण नाहीत. 1991 मध्ये या तंत्राची पहिली वर्णनं आली. त्याआधी नलिका पाहायच्या तर तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपी करावी लागे, आणि त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. आज ईआरसीपी उपचारासाठी राखून ठेवायची असते, म्हणजे आवळलेली नलिका फुगवायला किंवा स्टेंट टाकायला. फक्त पाहण्यासाठी कुणी सुचवली तर एमआरसीपी आधी का नाही, हे विचारा.

केंद्र निवडताना यंत्र 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे की 1.5 चं, यावर अडून बसू नका. 1.5 वर उत्तम एमआरसीपी होते. लहान मुलांना भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का, श्वासाशी जुळवून घेतलेली थ्रीडी एमआरसीपी करतात का, आणि चित्रं मुलांचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट वाचतील का, हे विचारा. यंत्रापेक्षा याने जास्त फरक पडतो.

भूल लागेल का, हे मुलावर अवलंबून. साधारण सहा-सात वर्षांपुढची बरीच मुलं जागेपणी तपासणी करू शकतात, त्यांची तयारी करून घेतली तर. घरी टेबलाखाली सतरंजीवर पाठीवर झोपवा, मोबाइलवर एमआरआयचा ठकठक-घरघर आवाज लावा, आणि पोट सारखं, हळू, वरखाली होऊ द्यायला शिकवा. खोल श्वास नको, रोखलेलाही नको. नलिकांची चित्रं यंत्र दर वेळी श्वास सोडल्यानंतरच्या क्षणी घेतं. श्वास एकसारखा असला तर चित्र स्वच्छ, घाबरून धापा टाकल्या तर नलिका अस्पष्ट होतात आणि नसलेला आजार दिसू लागतो. "श्वास रोख" म्हटल्यावर दहा-बारा सेकंद रोखण्याचा सरावही करा. तीन-चार दिवस असा खेळ केला तर प्रसंगी भूल टळते.

उपास 4 ते 6 तासांचा. भूल असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील तसाच पाळा. सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास.

जागेपणी होणाऱ्या तपासणीआधी अनेक केंद्रं अननसाचा रस प्यायला देतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातला आणि आतड्यातला द्रव चित्रात काळा पडतो आणि नलिकांच्या आड येत नाही. किती आणि कधी ते केंद्रालाच विचारा. भूल द्यायची असेल तर मात्र भूलतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय तो रस देऊ नका. भरल्या पोटी भूल धोक्याची असते.

स्टिरॉइडवरच्या मुलाची सकाळची गोळी उपास आहे म्हणून मनाने चुकवू नका. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि मूल प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टिरॉइड, घेतंय हे भूलतज्ज्ञांना तोंडी सांगा, फाइलमध्ये लिहिलंय यावर राहू नका. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या शरीराला भुलेच्या वेळी जादा डोस लागू शकतो.

आता धातू. यंत्राचं चुंबक चोवीस तास चालू असतं, तपासणी सुरू नसतानाही. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या नातेवाइकाचा त्यात मृत्यू झाला. म्हणून आमच्या माणसांनी दारात अडवलं तर रागावू नका. मुलाच्या अंगावरचं घरीच उतरवा: करदोडा, ताईत, वाळे, पैंजण, कानातलं, केसातल्या पिना. करदोड्यात ओवलेला चांदीचा घुंगरू आणि झबल्याच्या आत लावलेली सेफ्टी पिन या दोन गोष्टी हमखास राहून जातात. सेफ्टी पिन लोखंडाची असते, ती उडते. जरीचे आणि धातूची चेन असलेले कपडे नकोत, साधा सुती सदरा-चड्डी घाला. आई किंवा वडील आत बसणार असतील तर त्यांनाही हेच नियम, मंगळसूत्र आणि बेल्टसुद्धा. शरीरात कॉक्लिअर इम्प्लांट, शंट, क्लिप काहीही असेल तर अपॉइंटमेंटच्या वेळीच सांगा.

तपासणी 20 ते 40 मिनिटं चालते. कानाला संरक्षण मागा. साध्या एमआरसीपीला गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही. गाठीचा संशय असेल किंवा शिरा नीट पाहायच्या असतील तर लागतं. दिलं जाणार असेल तर कशासाठी ते विचारून घ्या.

पायरी 6: एमआरसीपीचा रिपोर्ट वाचताना

'बीडिंग' म्हणजे नलिका मण्यांच्या माळेसारखी, एक जागा आवळलेली, पुढची फुगलेली. 'स्ट्रिक्चर' म्हणजे आवळलेली जागा. हे शब्द दोन-तीन ठिकाणी स्पष्ट असतील तर स्क्लेरोझिंग कोलँजायटिसची शक्यता मोठी. मग आतड्याचीही तपासणी होते, कारण यातल्या बऱ्याच मुलांना आतड्याचा दाह असतो, कधी कधी शौचाची काहीच तक्रार नसताना. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहाची खूण) तपासलं का, ते विचारा.

पण तीन ठिकाणी थांबा. मूल हललं असेल तर अस्पष्ट चित्रात आवळलेपण भासतं. रिपोर्टमध्ये 'मोशन' हा शब्द असेल तर निष्कर्षाचं वजन कमी करा. यकृताला सिरॉसिस असेल तर व्रणांमुळेच नलिका वेड्यावाकड्या ओढल्या जातात, तो नलिकांचा स्वतंत्र आजार असतोच असं नाही. आणि यकृताची उजवी धमनी मुख्य नलिकेला ओलांडते तिथे दाबाची खूण पडते, ती स्ट्रिक्चरसारखी दिसू शकते. हे तिन्ही अनुभवी डोळ्यांना ओळखता येतं, म्हणून दुसरं मत घेण्यात कमीपणा नाही. त्यासाठी फिल्मचे तक्ते पुरत नाहीत, मूळ डायकॉम फाइल्सची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा आणि दोन जागी जपा.

'नॉर्मल' आलेली एमआरसीपी मोठ्या नलिकांपुरतीच नॉर्मल असते. अगदी बारीक नलिकांचा आजार तिला दिसत नाही, तो बायोप्सीतच कळतो. आणि आज नॉर्मल असलेल्या नलिका पुढे कधीच बिघडणार नाहीत, असंही नाही. किंग्जच्या त्या 55 मुलांतही एकाच्या बाबतीत तसं काही वर्षांनी झालं. जीजीटी विनाकारण वाढला, अंगाला खाज सुटली, तर एमआरसीपी पुन्हा करायची.

पायरी 7: एमआरआयमध्ये आणखी काय मिळू शकतं

मूल एमआरआयमध्ये जाणारच आहे तर त्याच वेळी एमआर इलॅस्टोग्राफी होते का, ते विचारा. बरगडीवर एक चकती ठेवून सेकंदाला 60 कंपनं दिली जातात आणि यकृताच्या मोठ्या भागाचा कडकपणा नकाशासारखा मिळतो. पोटात पाणी असलं तरी ती चालते. यकृतात लोह फार साठलं असेल, उदाहरणार्थ वारंवार रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या मुलात, तर नेहमीच्या पद्धतीने ती फसते. सोय अजून मोजक्या मोठ्या केंद्रांत आहे, नसेल तर जीव टांगणीला लावू नका.

स्टिरॉइडने वजन वाढलेल्या मुलाचा एसजीपीटी पुन्हा चढला, तर आजार उसळला की यकृतात चरबी साठली, हा प्रश्न येतो. एमआरआयवर चरबीचं प्रमाण टक्क्यांत मोजता येतं. हे उत्तर मिळालं तर गरज नसताना स्टिरॉइडचा डोस वाढायचा राहतो. यकृताची सूज सीटी1 (cT1, हे सीटी स्कॅन नव्हे, एमआरआयचंच माप) या मापाने मोजण्याचं काम वॉर्साच्या बालरुग्णालयात ऑटोइम्यून यकृतविकाराच्या मुलांवर झालं आहे. ते आशादायक आहे, पण आपल्याकडे नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

पायरी 8: वही

एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक तपासणीला एक ओळ: तारीख, वय, वजन, तपासणी, यंत्र आणि प्रोब, किती तास उपास, आकडा आणि आयक्यूआर, त्या आठवड्याचा एसजीपीटी, जीजीटी, आयजीजी, प्लेटलेट, प्लीहेची लांबी, चालू औषधांचे डोस. डॉक्टर बदलले, शहर बदललं, तरी ही ओळ सगळं सांगते. प्लेटलेट हळूहळू उतरताहेत आणि प्लीहा वाढतेय, हे सुट्या रिपोर्टांत निसटतं आणि वहीत पटकन दिसतं.

किती वेळा काय करायचं, हे मुलागणिक ठरतं. आजार शांत असेल तर कडकपणा वर्षातून एकदा पुरतो. सिरॉसिस झालेला असेल तर सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, गाठीवर लक्ष ठेवायला. नलिकांचा आजार असेल तर एमआरसीपी ठरावीक अंतराने, आणि तब्येतीत फरक पडला की लगेच. औषध बंद करण्याचा विचार मात्र चांगल्या फायब्रोस्कॅनवर करू नका. दोन-तीन वर्षं रक्त पूर्ण नॉर्मल राहिल्यावर आणि बहुधा पुन्हा बायोप्सी करूनच तो निर्णय होतो.

तपासणीसाठी थांबायचं नाही अशा वेळा

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, वागण्यात विचित्रपणा किंवा न उतरणारी झोप, थंडी वाजून ताप आणि वाढती कावीळ. यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंट सोडा आणि थेट यकृतविकाराची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. आयएनआर वाढलेला असताना एमआरसीपीच्या तारखेसाठी उपचार अडवू नयेत, नलिका नंतर पाहता येतात.

सोळा-सतराव्या वर्षी

या वयात आजार पुन्हा उसळण्यामागे बहुतेक वेळा चुकवलेल्या गोळ्या असतात. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, मुरुमं येतात, आणि मुलगी आरशात पाहून गोळी बेसिनमध्ये टाकते. कोणत्याही स्कॅनमध्ये हे दिसत नाही. एसजीपीटी आणि कडकपणा दोन्ही एकदम वाढले तर नवी तपासणी लिहिण्याआधी तिला एकटीला, शांतपणे, न रागावता विचारा. डॉक्टरांनाही तिच्याशी तुमच्याशिवाय पाच मिनिटं बोलू द्या.

अठरानंतर ती मोठ्यांच्या विभागात जाते. तिथले नियम मोठ्यांवरून बेतलेले असतात. फायब्रोस्कॅन 20 च्या आत आणि प्लेटलेट दीड लाखांवर असल्या तर अन्ननलिकेची दुर्बीण टाळता येते, हा 2015 चा बावेनो निकष (यकृतविकारात शिरांमधल्या वाढलेल्या दाबाबद्दल तज्ज्ञांनी ठरवलेला) त्यातलाच, आणि तो मुलांना तसाच लावायचा नसतो. म्हणून बारावीनंतर ती शिकायला बाहेरगावी जाणार असेल तर वही, सगळ्या डायकॉम फाइल्स आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) कुठल्या प्रयोगशाळेत आहेत त्याचा पत्ता, हे तिच्या हातात द्या, आणि शेवटच्या दोन-तीन भेटींत डॉक्टरांशी बोलायचं काम तिलाच करू द्या.